मालगाड्या, वाघिणी आणि आदर्कीचा घाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोरेगावचा. सुट्टीच्या दिवशी पुणे-मिरज लाइनवर मालगाड्या बघायला जातो, आणि गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले आहेत की एकदा सगळी उत्तरं लिहूनच टाकली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

मालगाडीत बघण्यासारखं काय असतं? सगळे डबे तर सारखेच.

सारखे वाटतात, नसतात. पॅसेंजर गाडीचा नंबर, वेळ, डबे सगळं आधीच ठरलेलं. मालगाडी काय घेऊन आली, कुठून आली, रिकामी की भरलेली, हे समोरून जाईपर्यंत कळत नाही. आणि ज्याला वाघिणी वाचता येतात त्याला देशाचा बाजार वाचता येतो. कोळसा, खत, पेट्रोल, तांदूळ, गाड्या, लोखंडाच्या गुंडाळ्या, एकाच सकाळी एकाच फाटकावर.

‘वाघीण’ का म्हणतात?

‘वॅगन’चं मराठीत झालेलं रूप. वाघाचा संबंध नाही. माझ्या पुतण्याला मात्र पहिल्या दिवशी चांगलीच निराशा झाली होती.

परदेशी व्हिडिओंत डोंगरातून धान्याच्या हॉपरची लांबच लांब गाडी जाते. तशी साताऱ्यात कुठे दिसेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर ऐकून लोक थोडे हिरमुसतात: दिसणार नाही.

व्हिडिओंतल्या बहुतेक गाड्या अमेरिका-कॅनडाच्या असतात. कॅनडात किकिंग हॉर्स खिंडीत १९०९ साली सुरू झालेले स्पायरल बोगदे आहेत. डोंगराच्या पोटात गोल फिरून गाडी स्वतःच्याच शेपटावरून जाते. आधी तिथे साडेचार टक्के चढ होता, म्हणजे साधारण २२ फुटांना एक फूट. बोगद्यांमुळे तो २.२ टक्क्यांवर आला. गव्हाच्या प्रांतांतलं धान्य तिथून प्रशांत महासागराच्या बंदरांकडे जातं, शंभर-शंभर हॉपर एका गाडीला. हॉपर म्हणजे अशी वाघीण: वरून झाकणं उघडून धान्य ओतायचं, खालून दारं उघडून सोडायचं. पोतं हा प्रकारच नाही.

मीसुद्धा या छंदात आलो तो असे व्हिडिओ बघूनच. पहिल्यांदा आदर्कीला गेलो तेव्हा डोक्यात तेच चित्र होतं. सहा तास बसलो. एकही मालगाडी आली नाही. शेवटी भाकरी काढली, हात खरकटे झाले, आणि नेमकी तेव्हा बोगद्यातून गाडी बाहेर आली. फोटोच्या नावाने भोपळा. हॉपर तर नव्हतेच, बंद वाघिणींचा रेक (एकत्र जोडलेल्या वाघिणींची अख्खी गाडी) होता. पण त्या बंद वाघिणींत धान्यच होतं हे नंतर मालधक्क्यावर कळलं. माझा खरा छंद तिथून सुरू झाला.

भारतात धान्याचे हॉपर आहेत, पण मोजके. त्यांचं नाव बीसीबीएफजी. पंजाबातल्या मोगा आणि हरियाणातल्या कैथल इथल्या मोठ्या सायलोंमध्ये, म्हणजे धान्याच्या उंच टाक्यांमध्ये, गहू सुटा साठवतात आणि या वाघिणींतून नवी मुंबई, चेन्नई, कोइमतूर, बंगळूर, हुगळी इथल्या सायलोंकडे पाठवतात. आपल्या लाइनवर माझ्यासमोरून यातली एकही गेलेली नाही. दोन्ही टोकांना सायलो असेल तरच हॉपरला अर्थ. आपल्याकडे गाडीच्या शेवटी सायलो नसतो, हमाल असतात.

मग आपल्याकडे धान्य येतं कसं?

पोत्यांत. बीसीएन किंवा बीसीएनएचएल नावाच्या बंद वाघिणींत, ज्यांना बाजूला दारं असतात. पोतं ५० किलोचं. बीसीएनच्या ४०-४२ वाघिणींच्या रेकमध्ये साधारण अडीच हजार टन माल बसतो. हिशोब करा: पन्नास हजार पोती. ती चढवताना एकदा आणि उतरवताना एकदा माणसाच्या पाठीवरून जातात. पुढे ट्रक, गोदाम, तालुक्याचं गोदाम, रेशन दुकान, प्रत्येक ठिकाणी पुन्हा पाठ.

पोतंच का, याला कारणं आहेत. आपली बाजार समितीतली खरेदी पोत्यांत, मोजमाप पोत्यांत, रेशन दुकानदाराचा कोटाही पोत्यांत. शिवाय १९८७चा ताग पिशव्यांबाबतचा कायदा आहे, त्यानुसार सरकारी धान्याला तागाचं बारदान लागतं. एका दुकानदाराला वीस पोती हवीत, तिथे सत्तर टनांचा हॉपर नेऊन करणार काय?

रेक लागला की मालधक्का बघायला जा. (लांबून. मध्ये उभे राहू नका, शिव्या बसतील आणि त्या रास्त असतील.) टोळीचा एक जण दारात उभा राहून पोतं पाठीवर देतो, खाली रांग हलत असते, ट्रकमध्ये एक जण थप्पी लावतो. खाली करायला ठरावीक तास मिळतात. ते उलटले की डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, चढतं, म्हणून रात्री-अपरात्रीही दिवे लावून काम चालतं. हॉपरच्या गाडीला जे काम करायला खालची दारं उघडायची असतात, ते काम इथे पाचपन्नास माणसांच्या खांद्यांवर असतं. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा आला. त्यामागे ज्यांची चळवळ होती ते अण्णासाहेब पाटील आपल्याच पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. हॉपर नाहीत म्हणून हळहळणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या किती घरांची चूल या पोत्यांवर पेटली, ते मुंबईच्या धक्क्यांवर जाऊन आलेल्या कुणालाही विचारा.

म्हणजे आपल्या लाइनवर हॉपर अजिबातच नाहीत?

आहेत की, पण धान्याचे नव्हेत. सगळ्यात जास्त दिसतात ते खडीचे. बीओबीवायएन असं त्यांचं नाव. रुळांखालची खडी टाकायला इंजिनिअरिंग विभाग ते वापरतो. दुहेरीकरणाच्या कामात खडीच्या गाड्या इतक्या फिरत होत्या की आमचा एक मित्र त्यांनाच ‘धान्याचे हॉपर’ म्हणून फोटो टाकत होता. कोळशाचे हॉपर म्हणजे बीओबीआरएन. त्यांची खालची दारं हवेच्या दाबावर उघडतात आणि औष्णिक वीज केंद्रात सगळी गाडी काही मिनिटांत रिकामी होते. ते बघायचे तर विदर्भात जावं.

वाघिणी ओळखायच्या कशा?

उघडी, उंच भिंतींची, वरून मोकळी ती बॉक्सएन. कोळसा, खनिज, कधी कधी खडी. छप्पर आणि बाजूला दारं असतील तर बीसीएन किंवा तिची धाकटी बहीण बीसीएनएचएल. धाकटी म्हटलं तरी माल तीच जास्त नेते, कारण तिचं स्वतःचं वजन कमी आहे. लांबीवरून दोघी लगेच ओळखता येतात: बीसीएन साडेचौदा मीटर, बीसीएनएचएल अकरा मीटरच्या आत. गोल टाकी ती बीटीपीएन, पेट्रोल-डिझेलची. गॅसच्या टाक्या वेगळ्या, लांबट. सपाट, त्यावर कंटेनर, ती बीएलसी. आणि जुने प्रवासी डबे खिडक्या बंद करून मोटारगाड्या वाहायला वापरतात ते एनएमजी. लांबून एक्सप्रेस वाटते, जवळ आल्यावर फसवणूक कळते.

बीसीएनएचएलच्या रेकला ५८ वाघिणी लागतात. १०.९६ मीटर गुणिले ५८ म्हणजे ६३६ मीटरच्या आसपास, वर इंजिनं आणि गार्डाचा डबा. आपल्याकडे स्टेशनातल्या लूप लाइनची (गाडी बाजूला उभी करायच्या रुळाची) प्रमाण लांबी ६८६ मीटर. गाडी लूपमध्ये जेमतेम मावते, ती अशी मोजून-मापूनच बांधलेली असते.

वाघिणीवरच्या अकरा आकडी नंबराचा अर्थ काय?

पहिले दोन आकडे प्रकार सांगतात: १० ते २९ उघड्या, ३० ते ३९ बंद, ४० ते ५४ टाक्या, ७० ते ७९ हॉपर. पुढचे दोन मालक रेल्वेचे, ०१ म्हणजे मध्य रेल्वे, ०८ पश्चिम, ०९ दक्षिण मध्य. मग दोन आकडे बांधणीच्या वर्षाचे, चार अनुक्रमांकाचे आणि शेवटचा पडताळ्याचा.

पडताळा करायला मजा येते. नमुना म्हणून ३१ ०१ १० ०२३४ हे दहा आकडे घ्या. सम जागांवरचे आकडे (दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा) मिळवा: १+१+०+२+४ = ८. तिप्पट, २४. विषम जागांवरचे: ३+०+१+०+३ = ७. एकूण ३१. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे ४०ला, ९ कमी. तोच अकरावा आकडा. चालत्या गाडीचा नंबर अर्धवट टिपला असेल तर यावरून चूक पकडता येते. माझ्या वहीत दहात एक तरी नंबर चुकलेला निघतो.

बघायला सगळ्यात चांगली जागा कोणती?

घाट हवा असेल तर आदर्की, दुसरं नाव घेऊ नका. लोणंद, सालपे, आदर्की, वाठार असा क्रम. फलटणच्या सपाटीवरून गाडी वळणं घेत, बोगद्यांतून वर वाठारच्या पठाराला येते. साताऱ्याच्या दिशेने येणारी भरलेली गाडी चढावर असते, तेव्हा वेग मंद आणि आवाज जोरात. लांबच्या टेकाडावर बसलात तर एकाच गाडीचं इंजिन आणि शेपूट दोन वेगळ्या वळणांवर दिसतं. पुण्याच्या बाजूला आळंदी ते आंबळे या टप्प्यात शिंदवण्याचा घाट आहे, तोही सुंदर, पण आमच्या साताऱ्याच्या अभिमानाला आदर्कीच पुरते.

वाठार स्टेशनला जुना मान आहे. इंग्रजांच्या काळी महाबळेश्वर-पाचगणीला जाणारी साहेब मंडळी इथे उतरून टांग्याने पुढे जात.

सातारा स्टेशन गावापासून लांब, माहुलीकडे. कृष्णेचा परिसर, सकाळचा प्रकाश चांगला. कऱ्हाडच्या पुढे शेणोली लागतं. ७ जून १९४३ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवली ती इथेच. किर्लोस्करवाडी स्टेशन पूर्वी कुंडल रोड होतं. १९१०मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे कारखाना उभारला आणि स्टेशनचं नावच बदललं. भिलवडीजवळ हजारवाडीला तेलाचे डेपो आहेत, टाक्यांच्या गाड्या बघायच्या तर तिकडे.

आणि मिरज. मिरजेबद्दल वेगळं पान लिहावं लागेल. एके काळी तिथे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुंदीचे रूळ होते. पुणे-मिरज-कोल्हापूर लाइन १९७१पर्यंत ब्रॉडगेज झाली, कुर्डुवाडीकडची नॅरोगेज बार्शी लाइट बरीच नंतर. गेज बदललं की माल एका वाघिणीतून दुसरीत घालावा लागे. म्हणजे पुन्हा तीच पोती, तीच पाठ.

मालगाडी किती वाजता येते?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी चहा पाजतो. मालगाडीला लोकांसाठी वेळापत्रक नसतं. पॅसेंजर आणि एक्सप्रेस यांच्या मधल्या फटीत तिला सोडतात. म्हणून उलटा विचार करायचा: कोणत्या दोन एक्सप्रेसच्या मध्ये मोठी फट आहे ते बघा आणि त्या वेळी जाऊन बसा. फाटक बंद झालं आणि कुठलीच प्रवासी गाडी अपेक्षित नसेल तर समजा. लूपमध्ये रेक उभा असेल आणि सिग्नल लाल, तर एखादी एक्सप्रेस जाईपर्यंत तो हलणार नाही, तुमची भाकरी निवांत होईल.

इंजिनं कोणती दिसतात?

आता लाइन विजेवर आली आहे, त्यामुळे डब्ल्यूएजी-७ आणि डब्ल्यूएजी-९ दिसतात. नावातलं डब्ल्यू म्हणजे रुंद गेज, ए म्हणजे एसी वीज, जी म्हणजे मालगाडीचं. डब्ल्यूएजी-७ पाच हजार अश्वशक्तीचं, डब्ल्यूएजी-९ सहा हजारांच्या वर.

पण खरं सांगू का? पुणे शेडची डब्ल्यूडीजी-३ए, ३१०० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिनं जोडून भरलेला रेक आदर्की चढायची, तेव्हा गाडी दिसायच्या आधी दहा मिनिटं डोंगरात धडधड घुमायची. काळा धूर, तापलेल्या तेलाचा वास. विजेचं इंजिन चांगलं, स्वच्छ, ताकदवान, पण नुसता गुणगुणाट. छातीत काही होत नाही.

घाटात चढणं अवघड की उतरणं?

उतरणं. चढताना फार तर गाडी थांबेल. उतरताना हजारो टन वजन मागून ढकलत असतं. लोको पायलट आधी इंजिनाच्या मोटारी उलट कामाला लावतो, म्हणजे त्या वीज तयार करतात आणि गाडी रोखतात. त्याला डायनॅमिक ब्रेक म्हणतात. मग हवेचा ब्रेक: गाडीभर एक नळी, तिच्यातला दाब कमी केला की प्रत्येक वाघिणीचे ब्रेक लागतात. नळी तुटली तरी दाब जातो आणि ब्रेक आपोआप लागतात.

ही सोयही कायमची भरवशाची नाही. वर ज्या किकिंग हॉर्स खिंडीचा उल्लेख केला, तिथेच फेब्रुवारी २०१९मध्ये ११२ हॉपरची धान्याची गाडी उतारावर ब्रेक लावून उभी होती. कडाक्याच्या थंडीत सिलिंडरमधली हवा गळत गेली, ब्रेक सुटले आणि गाडी आपली आपण निघाली. ९९ हॉपर आणि दोन इंजिनं घसरली, तीन रेल्वे कर्मचारी गेले. त्या घाटाचा चढ २.२ टक्के. आपल्या बोरघाटाचा ३७ला एक, म्हणजे २.७ टक्के. आपले लोक तिथे गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात आणि उतरताना इतके कडक नियम पाळतात, ते उगाच नाही.

कोणत्या महिन्यांत जावं?

नजारा हवा तर जुलै-ऑगस्ट. डोंगर हिरवे, पण धुक्यात गाडी हरवते. माल हवा तर कारखान्यांचा हंगाम, नोव्हेंबर ते मार्च, तेव्हा सांगली-कोल्हापूर पट्ट्यातली साखर बाहेर जाते. खरिपाच्या तोंडावर खताचे रेक येतात. मे महिन्यात जाऊ नका. गेलात तर मला सांगू नका.

मिरजेहून पाण्याची गाडी गेली होती ती खरी गोष्ट का?

खरी. एप्रिल २०१६, लातूर कोरडं पडलं होतं. पेट्रोलच्या टाक्या राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन आणल्या, मिरजेला कृष्णेच्या पाण्याने भरल्या. ११ एप्रिलला पहिली गाडी निघाली, दहा टाक्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. पुढे ५० टाक्यांच्या गाड्या गेल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आमच्या छंदातले जे लोक वाघिणीला ‘नुसता डबा’ म्हणणाऱ्यांशी वाद घालतात, त्यांचा हा हुकमी एक्का.

फोटो काढताना कुणी हटकलं तर?

नम्रपणे सांगा आणि थांबायला सांगितलं तर थांबा. सार्वजनिक रस्त्यावरून, शेताच्या बांधावरून (मालकाला विचारून) काढा. प्लॅटफॉर्मवर जायचं तर प्लॅटफॉर्म तिकीट काढा. रुळांवर जायचं नाही. रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बोगद्यात तर अजिबात नाही, आत बाजूला व्हायला जागा नसते. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. तिला हात लावावाच लागतो असं नाही, जवळ गेलं तरी वीज झेप घेते. सेल्फी स्टिक घरी ठेवा. एका पोराला मी आदर्कीजवळ कठड्यावर चढून काठी उंचावताना पाहिलं आणि इतका ओरडलो की त्या दिवशी माझाच व्हिडिओ निघाला.

कॅमेरा कोणता घ्यावा?

मोबाइल पुरतो. वही आणि पेन्सिल घ्या. पेन घाटातल्या पावसात लिहीत नाही.

गाडी गेल्यावरही तुम्ही थांबून शेवटचा डबा का बघता?

दोन कारणं. एक, शेवटच्या वाघिणीमागे ‘एलव्ही’ (लास्ट व्हेइकल) अशी पाटी असते, रात्री लाल दिवा. ती दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, मध्ये तुटून काही मागे राहिलेलं नाही. स्टेशनातले लोकही तेच बघतात.

दुसरं, गार्ड. जानेवारी २०२२पासून त्यांचं पद ‘ट्रेन मॅनेजर’ झालं आहे, पण आम्ही गार्डच म्हणतो. ना पंखा, ना धड बसायची जागा, आणि तासन्‌तास एकटाच. आदर्कीच्या वळणावर आपण हात केला की बहुतेक वेळा तोही करतो. मागच्या श्रावणात एकाने हात करून ओरडून काहीतरी विचारलं. वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. बायकोच्या मते त्याने ‘भाकरी आहे का?’ असं विचारलं. तेव्हापासून डब्यात दोन जास्तीच्या नेतो. अजून एकही मालगाडी तिथे थांबलेली नाही.